उसातला म्हसोबा आणि आमचा सर्व्हर

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे खाली कोणी 'तुमच्या मनातच असेल' वगैरे लिहायला नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आणि हे मी नुसतं मनात ठेवलेलं नाही... तसं छापून पत्रकं काढलेली आहेत. करणी, उतारा, अंगात येणं, वास्तुदोष — प्रत्येकावर एक, गुलाबी कागदावर, पाठपोट छापलेलं. श्रीगोंद्याच्या बाजारात भाजीवाल्यांनी त्याच पत्रकांत मिरच्या बांधून दिलेल्या मी पाहिल्या, तरी पुढचं पत्रक काढलं. हे गूढ अनुभवांचं सदरसुद्धा मी चिडण्यासाठीच वाचते. अर्ध्या अनुभवांत माणूस झोपेत असतो आणि उरलेल्या अर्ध्यांत गाडीचं पेट्रोल संपलेलं असतं.

माझा अनुभव भर दुपारचा आहे. साक्षीदार शासकीय आहेत. आणि त्यात भूत नाही, बाई नाही, पांढरी साडी नाही. फक्त एक लाल पिन आहे.

आमची संघटना शेतरस्त्यांसाठी लढते. पाणंदी — म्हणजे दोन शेतांमधून वस्तीपर्यंत जाणारी जुनी सार्वजनिक वाट. कागदावर ती सरकारची असते, जमिनीवर ती ज्याचा ट्रॅक्टर मोठा त्याची असते. दरवर्षी नांगराची एक-एक रेघ आत सरकत जायचं, आणि मग एक दिवस म्हणायचं, कुठली पाणंद? हा दरोडा आहे. त्याला अतिक्रमण असा गुळगुळीत शब्द वापरणाऱ्यांचाही मला राग आहे, पण तो विषय वेगळा.

आमचं ऑफिस नगरला, सावेडीत, एका डेंटिस्टच्या वर. एक खोली, दोन टेबलं, आणि टेबलाखाली सर्व्हर. सर्व्हर म्हटल्यावर मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका; बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेला जुना कॉम्प्युटर आहे, पंखा सुरू झाला की खालचा पेशंट वर बघतो. तो सांभाळतो अभय. इंजिनियर आहे, घरच्यांना वाटतं पुण्याला जायची तयारी करतोय. त्याने जुने गावनकाशे स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवले. विहिरी, बांध, ओढा जुळवत जुळवत नकाशा ताणायचा, की जुनी पाणंद आजच्या उसातून कुठून जात होती ते साधारण कळतं. साधारण म्हणजे चार-सहा पावलं इकडे नाहीतर तिकडे. हा नकाशा ऑनलाइन होता, गावोगावचे कार्यकर्ते मोबाईलवरून त्यात खुणा टाकायचे.

आणि इथे पहिल्याच आठवड्यात भानगड झाली. खुणा काय आल्या? म्हसोबा. मरीआई. वेताळ. पीर. परत म्हसोबा. तालुक्याचा नकाशा उघडला तर जत्रेचं पोस्टर वाटावं. मी बैठकीत ठराव मांडला: सार्वजनिक रस्त्याच्या नकाशावर कुठल्याही धर्माचं दैवत खूण म्हणून येणार नाही. नकाशा सगळ्यांचा, देव ज्याचा त्याचा. ठराव पास झाला. कारण मी बोलायला लागले की चहा येईपर्यंत थांबत नाही, आणि चहा ठरावानंतर होता. सगळे देव काढून टाकले. त्यांच्या जागी खूण अ, खूण ब, खूण क.

आता मूळ प्रकरण. श्रीगोंदा तालुक्यातलं एक गाव — नाव देत नाही, प्रकरण अपिलात जाऊ शकतं. गावाबाहेर ओढ्याकडेला आठ-दहा घरांची वस्ती, आणि वस्तीत तात्या. तात्यांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. डायलिसिसला आठवड्यातून दोनदा नगरला. गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येते. तिथून वस्तीपर्यंतची पाणंद मधल्या शेताचे मालक, नाना, यांनी नांगरून उसात घातलेली. म्हणून तात्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून, बांधावरून आणायचं. पावसात बांध निसरडा. एकदा खुर्चीसकट पाण्याच्या चारीत गेले. वर काढल्यावर तात्या म्हणाले, "न्हाव्याला तरी सांगायचं राव, आंघुळ झाली, दाढी ऱ्हायली."

माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं ठरावावरूनच झालं. मी मोबाईलवर नकाशा दाखवत होते.

"पुढारीणबाई, ह्यात आमचा म्हसोबा कुठाय?"

"तात्या, आम्ही देव टाकत नाही. ती खूण ड आहे."

"आसं व्हय. मग औंदा जत्रंला ड पुढं नारळ फोडायचा म्हना की."

म्हसोबा म्हणजे नानांच्या बांधाच्या कोपऱ्यावर, डांबरी रस्त्याला लागून बसवलेला शेंदरी दगड. नानांनी त्याला फरशी लावली, पत्रा टाकला आणि पत्र्यावर स्वतःचं पूर्ण नाव. पूजा रोज सकाळी नाना स्वतः करतात. वाट बंद करून देवाला फरशी — यावर माझं एक पत्रक तयार आहे, पण ते नंतर.

दोन वर्षं अर्ज, निवेदनं, धरणं. अखेर तालुक्याच्या साहेबांनी स्थळपाहणी लावली. साहेब सरळ माणूस, पण त्यांनी आधीच सांगितलं — "जुन्या नकाशावर दोन रेघा आहेत, मान्य. पण जागेवर रस्त्याचा काहीतरी मागमूस दाखवा. सगळा ऊसच दिसला तर मी काय लिहू?" म्हणजे त्या एका पाहणीवर सगळं होतं. मागमूस सापडला नाही तर प्रकरण निकाली, आणि तात्या खुर्चीत.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यात नकाशावर पिन आली.

लाल पिन, खाली लिहिलेलं: म्हसोबा. आणि कुठे? बांधावरच्या खऱ्या म्हसोबाजवळ नाही. बरोबर पाणंदीच्या रेघेवर, उसाच्या मधोमध. कार्यकर्त्यांपैकी कोणाचा तरी चावटपणा, म्हणून मी पिन काढली. दुसऱ्या दिवशी परत. काढली. चहा पिऊन आले, परत. मी ग्रुपवर एक जाहीर आवाहन टाकलं — 'ठरावाचा भंग करून सार्वजनिक नकाशात अंधश्रद्धा घुसडणाऱ्या अज्ञात व्यक्तीस' अशी सुरुवात होती. उत्तरं आली. एकाने हात जोडले, दुसऱ्याने लिहिलं चांगभलं, तिसऱ्याने विचारलं ताई, जत्रा कधी?

अभय म्हणाला, "कॅशे असेल."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॉम्प्युटर जुनी चित्रं साठवून ठेवतो आणि नव्याऐवजी तीच दाखवतो, त्याला कॅशे म्हणतात. अभयच्या मते जगातल्या बहुतेक दुःखांचं मूळ तेच आहे. त्याने कॅशे साफ केली. पिन. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. पिन. कोणी टाकली ते बघायला लॉग उघडला, तर लॉगमध्ये पिन टाकल्याची नोंदच नाही. काढल्याच्या नोंदी मात्र माझ्या नावावर ओळीने. म्हणजे कागदोपत्री मी एक नसलेला देव पुन्हा पुन्हा काढत होते.

"बॅकअप टाक," मी म्हणाले. अगदी सुरुवातीचा, तीन वर्षांपूर्वीचा बॅकअप टाकला. त्या वेळी हे गाव नकाशात आलंही नव्हतं. गाव नाही, रस्ता नाही, कोऱ्या उपग्रह-चित्रावर एकटी पिन.

मी अभयकडे बघितलं. तो म्हणाला, "अशी बघू नका ताई."

"तूच करतोयस का? सरळ विचारते."

"मला टाकायचा असता तर बरोबर जागेवर टाकला असता. चुकीच्या जागी पॉइंट टाकणं माझ्या कामात बसत नाही." आणि खरंच दुखावला. दुपारचा डबाही त्याने माझ्याकडे पाठ करून खाल्ला.

मग त्याने हट्टाने सर्व्हरच पुसला. डिस्क कोरी, सगळं नवं टाकलं, इंटरनेटची वायर काढून बाजूला ठेवली — म्हणजे बाहेरून कोणी यायचा प्रश्नच नाही. फक्त ती एक पाणंद हाताने काढली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. काही नाही. रिफ्रेश. काही नाही. मी म्हणाले, "बघितलंस? पद्धतशीर काम केलं की—" आणि पिन आली. आली म्हणजे आधी नव्हती आणि मग होती. खालच्या डेंटिस्टचं ड्रिल मशीन चालू होतं, एवढं एक आठवतं.

अभयने काढून ठेवलेल्या वायरचं टोक हातात घेऊन बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "कॅशे नाहीये."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तर सर्व्हरवर झेंडूचं फूल. मी विचारलं हे काय. म्हणे दसरा जवळ आलाय, मशीनची पूजा सगळ्याच ऑफिसांत होते. मी म्हटलं दसऱ्याला अजून वेळ आहे आणि आपलं ऑफिस 'सगळी ऑफिसं' नाही. फूल काढायला लावलं. त्यावर अर्धा तास बोललेही. अभयने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुम्हीच सांगा, काय करू?" मला काही सांगता आलं नाही, म्हणून मी अजून थोडा वेळ बोलले.

पाहणीसाठी नकाशा कागदावर लागणार होता. म्हटलं ठीक आहे, स्क्रीनचं काय ते नंतर बघू. मी पिन काढली, ती परत यायच्या आत लगेच फाइल केली, पेनड्राइव्हवर घेतली, झेरॉक्सच्या दुकानात उघडून नीट बघितली. स्वच्छ. प्रिंट काढून पाकिटात घातली, पाकीट बंद केलं, श्रीगोंद्याची एसटी पकडली.

पाहणीला गाव लोटलेलं. साहेब, पंचनामा लिहायला तलाठी, आमचे कार्यकर्ते, नाना आणि नानांचे सहा-सात पाहुणे, ज्यांचा या शेताशी काही संबंध नव्हता पण मिशा होत्या. तात्यांनाही खुर्चीतून आणलेलं, डोक्यावर टॉवेल.

नाना हसतमुख. "या मॅडम. चहा घेतला का? न्हाई म्हंजे, आंदोलन उपाशीपोटी करू न्हाई." मग साहेबांकडे वळून, "साहेब, पाणंद हितं कंदीच नव्हती. माझ्या वडलांनी न्हाई बघितली, त्यांच्या वडलांनी न्हाई बघितली."

"त्यांना चष्मा हुता व्हय रं दोघांनाबी?" तात्या खुर्चीतून म्हणाले.

साहेबांनी हात पुढे केला. मी पाकीट फोडून नकाशा दिला. त्यांनी तो उघडला, बघितला, आणि विचारलं, "हा म्हसोबा कुठे आहे?"

मी कागद बघितला. दोन रेघांची पाणंद, आणि मधोमध लाल पिन. छापील. बोट फिरवून बघितलं, शाई वाळलेली.

वाचकहो, इथे मला सोपं होतं गप्प बसणं. पण मला गप्प बसता येत नाही, ही माझी ख्याती आहे. मी म्हणाले, "साहेब, ती खूण आमची नाही. चुकून येते. तिथे म्हसोबा नाही, म्हसोबा तो तिकडे कोपऱ्यावर आहे."

"घ्या," नाना म्हणाले. "ह्यांचं ह्या सोताच सांगतात. देव तिकडं आन नकाशात इकडं. मंग रस्त्याची रेघ तरी खरी कशावरून, साहेब?"

पाहुणे हसले. तलाठ्याने लिहायला घेतलं. आमचा एक कार्यकर्ता माझ्या कानाशी म्हणाला, ताई, आज तरी... आणि पुढचं गिळलं. मी तात्यांकडे बघितलं नाही. दोन वर्षं ज्या कागदासाठी भांडले तो कागद मीच, सगळ्यांसमोर, खोटा ठरवला होता. आणि तोही एका दगडापायी, ज्याला मी नकाशातून पाच-पन्नास वेळा हाकललं होतं.

"चुकून का हुईना, आलाय ना?" तात्या म्हणाले. "साहेब, एवढ्या लांबनं आलात, बघून तर घ्या. मला घ्या रे उचलून."

साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि म्हणाले चला. मी मोबाईलवर नकाशा उघडला. आपण कुठे आहोत ते दाखवणारा निळा ठिपका पुढे सरकवत आम्ही उसात शिरलो. ऊस डोक्याच्या वर. पात्यांनी हात कापतात, खाली पाचटावर, वाळल्या पाल्यावर, पाय घसरतो, पुढचा माणूस दिसत नाही. मागून खुर्ची येतेय हे फक्त तात्यांच्या आवाजावरून कळत होतं — "बाळू, डावीकडनं वाकलाय तू. मी काय गोणी हाय का?" बाळू हा त्यांचा मुलगा.

निळा ठिपका पिनेवर आला. मी थांबले. सगळे थांबले.

काही नव्हतं. ऊस होता. एवढ्या जागेत जरा विरळ, खुरटलेला, खाली पाचटाचा ढीग. साहेबांनी एक गोल चक्कर मारली. "इथे तर काहीच नाही."

नाना आता खुशीत यायला हवे होते. पण त्यांचा चेहरा वेगळाच झाला होता. ते कागदावरच्या पिनेकडे बघत होते, तापल्यासारखे. रोज सकाळी आंघोळ करून त्या दगडाला पाणी घालणारा माणूस आहे तो, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "काय पन दाखवतात साहेब ही लोकं. देवाची काय मर्यादा? मूळचा म्हसोबा हुता चिंचंखाली, त्या तिथं, कडंला. मी सोता उचलून बांधावर नेलाय. हितं मधी कोन बसवील देव? गाड्या काय देवाच्या डोक्यावरनं जायच्या का?"

तलाठ्याचं पेन थांबलं. वारा होता थोडा.

"कुठल्या गाड्या, नाना?" साहेबांनी विचारलं.

नानांनी पाहुण्यांकडे बघितलं. एक पाहुणा खोकला.

"कशाच्या कडेला होता म्हणालात?"

"न्हाई... म्हंजे... बोलायची पद्धत आसती, साहेब."

"लिहा," साहेब तलाठ्याला म्हणाले. तलाठ्याने आधीचं खोडलं आणि लिहायला लागला.

तोपर्यंत बाळूने खुर्ची टेकायला जागा करायची म्हणून पायाने पाचट सारलं होतं. खुर्चीचा पाय खाली टेकला आणि आवाज आला, दगडावर टेकल्यासारखा. बाळूने अजून पाचट ओढलं. घडीव दगड, एकाला एक लागून, मधून पाणी जायला भोक. मोरी. जुनी, गाडी जाईल एवढ्या रुंदीची. म्हणूनच तिथे ऊस खुरटलेला. ज्या शेतातून रस्ताच नव्हता, त्या शेतात कोणीतरी गाडीसाठी दगडी मोरी बांधून ठेवली होती, आणि आम्ही सगळे तिच्यावर उभे होतो. पिन तिच्यावर होती.

साहेबांनी फोटो काढले. नाना म्हणाले हे मला म्हाईतच नव्हतं, आणि त्यातलं किती खरं, ते त्यांचे तेच जाणोत. गंमत म्हणजे ही मोरी वस्तीवरच्यांनाही आठवत नव्हती. तात्यांनीही नाही म्हटलं. त्यांना आठवत होती ती फक्त मऊ माती, आणि बैलगाडीच्या मागे लोंबकळून शाळेत जाणं.

आदेश झाला. पाणंद मोजून मोकळी केली, मुरूम पडला. डायलिसिसची गाडी आता घराच्या ओट्याला लागते.

आणि पिन गेली. आदेश आला त्या दिवशी अभयचा फोन आला, "ताई, नाहीये." मी विचारलं काय नाहीये, तरी मला कळलं होतं. आम्ही सर्व्हर बंद करून चालू केला, बॅकअप टाकला, जे जे काढायला केलं होतं ते सगळं आणायला केलं. नाही आली. अभयने तर हाताने नवी पिन टाकून बघितली, माझ्यासमोर, शास्त्रीय प्रयोग म्हणून. ती राहते, पण तिच्यात काही अर्थ नाही, ती आमची आहे.

तुमच्यापैकी कोणी सर्व्हरचं काम करत असेल आणि 'कॅशे' सोडून दुसरं कारण सुचत असेल तर जरूर लिहा, अभय वाट बघतोय. देवाधर्माची कारणं कृपया पाठवू नका, ती मला आईकडून जेवताना रोज मिळतात. नानांचं मी समजू शकते, माणूस भावनेच्या भरात बोलतो. मोरी मिळणं योगायोग म्हणता येईल. पण वायर काढलेल्या मशीनमध्ये, कोऱ्या डिस्कवर, बंद पाकिटातल्या कागदावर... नेमकी तिथेच... हे मी अजून कुठल्या पत्रकात बसवू शकलेले नाही.

रस्ता झाल्याचा गावाने फ्लेक्स लावला. वर म्हसोबा, एवढा मोठा, मागे किरणं. खाली साहेब. त्याखाली — हो, नाना, 'जागेचे दाते' म्हणून. आणि सगळ्यात खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, एका हेअर कटिंग सलूनच्या जाहिरातीशेजारी, माझा फोटो, मतदान कार्डावरचा. मी तशीच तात्यांकडे गेले. म्हटलं, दोन वर्षं अर्ज आम्ही केले, धरणं आम्ही धरली, पोलिसांच्या गाडीत आम्ही बसलो, आणि श्रेय दगडाला?

तात्या नुकतेच नगरहून आलेले, ओट्यावर गाडीतून उतरून बसलेले, पाय मोकळे सोडून. शांतपणे ऐकलं सगळं.

"तुज्या त्या मशीनवर अजून हाय का तो?"

"नाही. गेला."

"बघ. काम झालं आन गेला. फ्लेक्सवर कुटं बसवलंय ते बगायलाबी थांबला न्हाई." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "तू चहा घेऊन जा."

मी चहा घेतला.